गार अडवणाऱ्याचं घर

ढग आले की लोक आधी वाळत घातलेले कपडे काढतात. मी आधी माहेरी, उंद्रीला फोन लावते.

फाल्गुन-चैत्रातलं आभाळ मला बघवत नाही. बुलढाण्याला आमच्या शाळेच्या गच्चीवरून चिखलीकडची बाजू मोकळी दिसते. तास संपला की मी तिथं जाऊन उभी राहते, आणि खाली कडेला जरा तांबूस-काळं दिसलं की धाकट्या भावाला फोन करते. विचारायचं एवढंच असतं की बाबा कुठं आहेत. तो शेतात असला तर उचलत नाही, मग भावजयीला. ती पदराला हात पुसून फोन उचलेपर्यंत मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आलेली असते. शाळेतल्या बायका म्हणतात, मॅडम, तुम्ही हवामान खात्यात जायच्या, चुकून इकडं आलात. आणि हसतात. मीही हसते, फोन कानाला तसाच धरून.

बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. हृदयाचं दुखणं निघाल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. चिखलीच्या डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना बाहेर बोलावून बजावलं होतं की म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागू देऊ नका, आत रक्त सुटलं तर आवरणार नाही. डॉक्टरांना वाटलं असेल, न्हाणीत पाय घसरेल, पायरी चुकेल. त्यांना काय माहीत की हा माणूस गारा पडायला लागल्या, कोंबड्यासुद्धा आडोशाला पळाल्या, की टोपी काढून घराबाहेर पडतो. वेशीजवळ मारुतीचं लहानसं देऊळ आहे. त्याच्यापुढे एक दगडी फरशी आहे, वर छप्पर नाही. तिथं जाऊन गारा थांबेपर्यंत उघड्या डोक्यानं उभा राहतो.

हे म्हातारपणाचं खूळ नाही. मला कळतं तेव्हापासून ते जात आले आहेत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील जातात. गारा सुरू झाल्या की त्या थांबाव्यात म्हणून आई अंगणात कुऱ्हाड फेकायची आणि दाराकडे पाठ करून बसायची. कुऱ्हाड पुष्कळ घरांतून फेकली जायची. बाप मात्र आमच्याच घरातला बाहेर जायचा. तेव्हा ते तरुण होते, डोक्याला टेंगूळ घेऊन परत यायचे आणि चहा मागायचे. पुढे मी शिकले, भूगोलाची शिक्षिका झाले. गार कशी तयार होते, पाण्याचा थेंब वाऱ्यानं वर फेकला जाऊन त्याच्यावर थरावर थर कसे चढतात, हे मी नववीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवते. पण माझा बाप तिच्याखाली जाऊन का उभा राहतो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गेल्या वर्षी लिंबाएवढ्या गारा पडल्या. भावाला ते फरशीवर आडवे सापडले. डोक्याला टाके पडले. रक्त थांबायला इतका वेळ लागला की नर्सनं माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं. टाके निघाल्यावर मी समोर बसून विचारलं, तुमच्या जाण्यानं गारा थांबतात का? ते म्हणाले, थांबतात असं मी कधी म्हटलं? मग जाता कशाला?

"जा लागते," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला राग लवकर येतो. घरात सगळे म्हणतात, हिच्या नाकावर माशी बसत नाही. पण त्या दिवशी जो आला तो राग नव्हता, भीती होती. आवाज मात्र रागाचाच निघाला. मी पुष्कळ बोलले. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

यंदा माघात एका दुपारी आभाळ भरून आलं, तेव्हा भावानं सोपा उपाय केला. बाबा मधल्या खोलीत होते, त्यानं बाहेरून कडी लावली. त्या दिवशी गारा पडल्याही नाहीत, नुसता वारा सुटला. आत बाबा दार बडवत होते. मग बडवणं थांबलं आणि आतून बारीक आवाज यायला लागला. भावजयीनं मला फोनवर रडत सांगितलं, ताई, तो आवाज बाबांचा नव्हताच, लहान लेकराचा होता. "आजा, मी येऊन राह्यलो. आजा, मले कोंडलं, मी येऊन राह्यलो ना." कडी काढली तेव्हा त्यांचं धोतर ओलं झालेलं होतं. पुढे कितीतरी दिवस त्यांनी घरात कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

भाऊ माझ्यासारखा बडबड्या नाही. तो एवढंच म्हणाला, "मी पुन्हा कडी नाही लावत, ताई. बाहेर मेले तं मरू दे, पन असे नाही."

आता आम्हाला एक धागा मिळाला होता. आजा, म्हणजे बाबांचे आजोबा, आमचे पणजोबा. त्यांच्याबद्दल आम्हाला काय माहीत होतं? काहीच नाही. आमच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात 'गारपगारी' हा शब्द आहे. त्या शब्दानं माझी फी माफ झाली, भावाला वसतिगृह मिळालं. कुणी विचारलं, हे कोण लोक, तर मी सांगायची, आम्ही शेती करतो. खोटं नव्हतं, बाबांनी जन्मभर शेतीच केली. माझ्या तोंडात तो शब्द इतका रुळला होता की त्यात गार आहे हे मला पन्नाशीला आल्यावर दिसलं. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना.

बाबांची थोरली बहीण सोनाळ्याला दिलेली आहे. पणजोबांना पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी रजा टाकली आणि गाड्या बदलत सोनाळा गाठलं. वाटेत देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसले होते, की आत्याला आठवत असू दे, आणि आज उंद्रीला आभाळ येऊ देऊ नको. आत्या अंगणात बाजेवर बसून संत्री सोलत होती. कान गेलेत, पण डोकं शाबूत. मी कडी लावल्याची हकिकत सांगितली. तिनं हातातलं संत्रं बाजूला ठेवलं. मग बोलायला लागली ती जेवणाची वेळ टळली तरी थांबली नाही.

पणजोबा आजूबाजूच्या गावांची गार अडवायचे. ते त्यांचं काम होतं, जसं सुताराचं, कुंभाराचं. पीक खळ्यावर आलं की प्रत्येक शेतकरी त्यांच्या वाट्याचं धान्य काढून ठेवायचा. वर्षातले बाकीचे महिने त्यांना कुणी फारसं विचारत नसे. पण गहू-हरभरा उभा असताना आभाळ तांबूस झालं की सगळं गाव आमच्या दारात. मग ते अंगातले कपडे उतरवून, तलवार घेऊन मारुतीपुढे जायचे. आधी विनवायचे. नाही ऐकलं तर शिव्या द्यायचे, आत्यानं त्यातल्या दोन म्हणून दाखवल्या, मी लिहीत नाही. तरीही ढग हटला नाही तर तलवारीनं बोट कापून घ्यायचे आणि सांगायचे, आता मान कापीन, माझं रक्त तुझ्या माथी.

मी विचारलं, खरंच थांबायच्या गारा? आत्या म्हणाली, कधी थांबत, कधी नाही. थांबल्या तर मारुतीनं थांबवल्या, पडल्या तर आजानं पाडल्या. या हिशोबाला गावात कुणी कधी हरकत घेतली नाही.

असंच एका वर्षी गार पडली आणि गाव उघड्यावर आलं. लोक बोलायला लागले की म्हाताऱ्याचा हात ढिला झाला, मारुती आता त्याला भीत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आभाळ आलं. त्या दिवशी पणजोबांनी नातवाला, म्हणजे माझ्या बाबांना, कडेवर घेतलं. चार-पाच वर्षांचं पोर. त्याला त्या फरशीवर उभं केलं, डोक्यावरचं फडकं काढलं, मानेवर तलवारीचं पातं टेकवलं, आणि मारुतीला सांगितलं, की हा ठेवला तुझ्यापुढे. गार पडली तर आधी याच्या डोक्यावर पडू दे. आणि पडलीच तर मीच याला संपवतो, मग बस एकटा. एवढं बोलून ते मागे सरले. सगळं गाव देवळाशेजारच्या कडुलिंबाखाली उभं होतं, पोर एकटं उघड्यावर. त्या दिवशी ढग उंद्रीवरून गेला आणि पलीकडच्या गावात कोसळला.

तिथून पुढं दरवर्षी. आभाळ आलं की लोक यायचे ते विचारतच, नातू ठेवला का? नातू झोपलेला असला, तापानं फणफणलेला असला, तरी उचलून न्यायचे. लाडही फार व्हायचे त्याचे, गावात फिरला की ज्याच्या त्याच्या घरी खाऊ. आत्या तेव्हा दहा-बाराची होती. तिला कधी ठेवलं नाही. पोरीच्या जिवाची धमकी दिली असती तर मारुती थोडाच घाबरला असता.

मला राहवलं नाही. मी ओरडून विचारलं, तिला ऐकू यावं म्हणून ओरडावं लागतं, की म्हाताऱ्यानं खरंच मारलं असतं का गं पोराला?

"आजाचा हात थरथरे. मी पाह्यलं ना," आत्या म्हणाली. "पन मारुतीले खरं वाटावं लागे. आन् मारुतीले वाटाचं तं आधी गावाले वाटलं पाह्यजे. गावाले वाटाचं तं त्या पोराले वाटलं पाह्यजे."

ज्या पोराला खरं वाटणं हाच त्या कामाचा पाया होता, ते पोर आज ऐंशीच्या पुढं आहे, रक्त पातळ व्हायची गोळी खातं, आणि त्याला अजून खरं वाटतं.

मग याला सोडवायचं कसं, हे मी विचारलं. आत्यानं मान हलवली. ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं असतं. नारळ फोडायचा आणि पोराला उचलून घरात आणायचं, म्हणजे झालं मोकळं. पण पणजोबा गेले भर पावसाळ्यात. गारांचा हंगाम नव्हता, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही की पोर अजून ठेवलेलंच आहे. तेराव्याला सगळं गाव जेवून गेलं. पुढच्या माघात आभाळ आलं, तर दारात कुणी बोलवायला आलं नाही. पोर आपलं आपण उठलं आणि जाऊन उभं राहिलं.

परतीच्या वाटेवर मला कुणावर चिडावं तेच कळेना. पणजोबांवर चिडले. गावावर चिडले. मग वाटलं, त्या माणसाजवळ दुसरं होतं काय? आभाळाला धरून ठेवायचं काम त्याच्या गळ्यात पडलेलं, वर त्याचा जाब विचारला जायचा. घरातलं सगळ्यात मोलाचं जे होतं ते त्यानं पुढे केलं. समजलं मला सगळं. समजलं म्हणून भीती काही कमी झाली नाही, उलट वाढली. आतापर्यंत मला वाटत होतं, बाबांची समजूत घालायची आहे. आता कळलं की ज्याच्याशी बोलायला हवं तो माणूस कधीचाच मेलेला आहे.

तरी मी बाबांशी बोलले. हळू आवाजात, जमेल तेवढं गोड बोलून सांगितलं की आत्यानं सगळं सांगितलंय, आजोबा विसरले, त्यांच्या मनात तसं नव्हतं. बाबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, तिला काय माहीत, ती लिंबाखाली होती.

भावानं आणखी एक करून पाहिलं. मारुतीला नारळ फोडला, तेल-शेंदूर वाहिला, पुजाऱ्याकडून चार शब्द म्हणवून घेतले आणि स्वतः हाताला धरून बाबांना घरी आणलं. भावजयीनं शिरा केला. बाबांनी दोनदा मागून घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, की सुटले बहुतेक. गंगेत घोडं न्हालं म्हणून मी त्या रात्री बुलढाण्याला स्वस्थ झोपले.

मग चैत्र लागला आणि एका सकाळी मोबाइलवर सूचना आली, विजांसह गारपिटीची शक्यता. रविवार होता. मी पहिली मिळेल ती गाडी धरली. उंद्रीला पोचले तेव्हा हवा पार बंद होती, झाडाचं पान हलत नव्हतं. भाऊ आणि भावजय कापून रचलेल्या हरभऱ्याच्या सुडीवर ताडपत्री टाकायला शेतात गेले होते. गहू अजून उभा होता. बाबा ओसरीवर बसलेले. मी शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला आणि शाळेच्या गप्पा सांगत सुटले. दुपार कलली, वारा सुटला, धूळ उठली, आणि पश्चिमेकडचं आभाळ तांब्याच्या घागरीसारखं झालं. बाबांनी माझ्या हातातून हात सोडवून घेतला, अगदी हलकेच, झोपलेल्या मुलाच्या अंगाखालून काढावा तसा. टोपी काढून बाजूला ठेवली आणि निघाले.

मी धावत आत गेले, हाताला लागलं ते लोखंडी घमेलं उचललं आणि त्यांच्या मागे पळाले. ते फरशीवर जाऊन उभे राहिले होते. देवळासमोरच्या चक्कीच्या दारात दळणाला आलेले दोघे-तिघे उभे होते. ते बघत राहिले. त्यांना नवीन नव्हतं. पहिली गार माझ्या पायाशी फुटली. मी घमेलं बाबांच्या डोक्यावर धरलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. मी पुन्हा धरलं, त्यांनी पुन्हा सारलं. ते माझ्याकडे बघतही नव्हते, मारुतीकडे बघत होते. ऐंशी वर्षांच्या माणसात एवढा जोर कुठून आला ते मला कळलं नाही. एक गार त्यांच्या खांद्यावर बसली. मला डॉक्टरांचा चेहरा दिसला, ती नर्स दिसली.

मी घमेलं फेकून दिलं. डोक्यावरचा पदर काढला आणि त्यांच्या आणि मारुतीच्या मधे जाऊन उभी राहिले, बाबांकडे तोंड करून.

"तू आत जाय," बाबा म्हणाले.

"तुम्ही आल्याबिगर नाही जात."

"तुले लागन वं."

"लागू द्या."

आता गारा नेटानं पडत होत्या. पाठीवर, मनगटावर, मग एक भुवईवर बसली आणि डोळ्यात कोमट काहीतरी उतरलं. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण मी डोळा पुसला नाही. रक्त त्यांना दिसावं म्हणून मी मान वर केली. बाबांच्या तोंडाकडे मी एकटक बघत होते. त्यांची नजर मारुतीवरून सुटली होती आणि माझ्यावर येऊन अडकली होती. त्यांचे ओठ हलत होते. त्यांना खरं वाटतंय का, अजून पुरतं वाटत नाही का, आणखी एक गार बसावी लागेल का, हे मी मोजत होते.

मग त्यांनी माझा दंड धरला आणि मला ओढत चक्कीत नेलं.

आतल्या लोकांनी जागा करून दिली. बाहेर ती फरशी मोकळी होती आणि तिच्यावर गारा नाचत होत्या. शिवारात गहू आडवा होत असणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि बाबांनाही. ते भिंतीला टेकून त्या मोकळ्या फरशीकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा ते गारा पडत असताना छपराखाली आले होते. त्यांनी धोतराचा सोगा माझ्या भुवईवर दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं,

"हे काम तुले कोनं शिकवलं?"